पाणी दुसऱ्यांदा घालत नाहीत

मंगळवार, ५ मार्च

प्रिय बारक्या,

पत्ता आत्याकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. तीनदा तिने "विचारून सांगते" म्हणून मला वाटेला लावलं. चौथ्यांदा मी तिच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले आणि हललेच नाही, तेव्हा कुठे तिने दिला. बारा वर्षांत एक ओळ नाही आणि आज अचानक माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स होईल. कोणी गेलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, गुडघे आणि स्वभाव सोडला तर.

जुन्या गोष्टी उकरायला हे पत्र नाही. परवा वॉर्डात जे झालं ते कोणाला तरी सांगायचंय. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या कोणाला सांगितलं तर विचारतील, तू हे केलंसच का. हॉस्पिटलात सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं. दोन्ही बाजू माहीत असलेला माझ्या ओळखीत तू एकटाच.

मी अजून तिथेच आहे, दिवस न भरलेल्या बाळांच्या वॉर्डात. आता मुख्य नर्स. म्हणजे काम तेच, वर रजेचे अर्ज. परवा रविवार, माझी सकाळची पाळी. तिसऱ्या पेटीत एक मुलगी होती, आदल्या दिवशी दुपारी जन्मलेली, चौदा आठवडे आधी आलेली. सातशे साठ ग्रॅम. तिची आई शहरातली बस चालवते. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचर ढकलणाऱ्याला तिने झोपल्या झोपल्या वळण कसं घ्यायचं ते सांगितलं, तेव्हापासून ती आमची ड्रायव्हरबाई. नवरा जहाजावर स्वयंपाकी, तो भर समुद्रात. बाईजवळ दुसरं कोणी नव्हतं.

दहाच्या सुमाराला बाळाचा रंग उतरला. फुप्फुसाला बारीक छिद्र पडून हवा छातीत साठली होती. मोठ्या डॉक्टरांनी नळी घातली. तरी ऑक्सिजनचा आकडा सत्तरवर, मग साठवर आला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आईला सांगा. खरं सांगा."

हे ते नेहमीच म्हणतात. परवा मला ते लागलं. का लागलं ते आज लिहीत नाही.

ड्रायव्हरबाई व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत होती, पोटावर टाके, दोन्ही हातांना सलाइन. मी तिच्या उशाशी खाली बसले आणि सांगितलं की बाळ जातंय असं दिसतंय, आम्ही प्रयत्न सोडलेले नाहीत, पण वेळ फार नाही. ती रडली नाही. तिने विचारलं फादर येतील का. मी तिच्यासमोर फोन लावला. रविवारची सकाळ, सगळे फादर वेदीपाशी, फोन कोण उचलणार? मग ती म्हणाली की घाईच्या वेळी बाप्तिस्म्याचं पाणी कोणीही घातलं तरी चालतं, असं तिला लहानपणी शिकवलंय. "सिस्टर, तुम्ही घालाल?"

बारक्या, तुला माहीत आहे मी काय मानते. ज्याला कळतं, ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, त्याचाच बाप्तिस्मा. तान्ह्या बाळाचं डोकं ओलं केलं तर डोकं ओलं होतं, बाकी काही नाही. घरात आपण काय म्हणायचो? आपण बुडवणारे, ते शिंपडणारे. आणि हसायचो.

मी तिला तसंच सांगितलं. म्हणाले, "बाई, मी तुमच्या चर्चची नाही. लहान बाळाचा बाप्तिस्मा मी मानत नाही. तुम्हाला हे माहीत असावं म्हणून सांगते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "मग नको. तुमच्या देवासमोर तुम्हाला चोरट्यासारखं वाटायला नको. मी रागावणार नाही. मला तिथपर्यंत ढकलत तेवढं न्या, मीच घालते."

आणि हातांतल्या सुया सांभाळत ती कोपरांवर उठायला लागली.

पाळीची वेळ झाली. राहिलेलं नंतर लिहिते.

ताई


गुरुवार, ७ मार्च

प्रिय बारक्या,

पहिलं पत्र तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल. तरी लिहिते, कारण मनात अजून तेच चाललंय.

जिचं लेकरू जातंय, ती बाई माझ्या मनाची काळजी करत होती. बारक्या, मी बावीस वर्षं या वॉर्डात आहे. अशा वेळी लोकांनी डॉक्टरांची गचांडी धरलेली पाहिली आहे, देवाला शिव्या दिलेल्या ऐकल्या आहेत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही मला वाटलं नाही. पण स्वतःच्या जिवाच्या आकांतात समोरच्याच्या श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून मागे सरणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं.

मी म्हणाले, "तुम्ही झोपा. मी घालते."

वॉर्डातल्या मावशींना हाक मारली. मावशी म्हणजे आमच्याकडे झाडलोट करतात त्या. त्यांची मंडळी टाळ्या वाजवून प्रार्थना करणारी, चौथ्या मजल्यावरून खालच्या रिक्षावाल्याला ऐकू जाईल अशी. आम्ही दोघींनी पलंग ढकलत आणला. बाळांच्या खोलीचं दार अरुंद, पलंगाचे कठडे अडकले. ड्रायव्हरबाईच म्हणाली, "डावं चाक वळवा, मग सरळ घ्या." मावशींनी कठडे काढले तेव्हा अर्धा पलंग आत आला. पुढे जाईना. तिच्या डोक्यापासून पेटी दोन हात लांब. तिला बाळ दिसत होतं, हात पोचत नव्हता.

मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं मी काय करणार आहे. हा माणूस देव वगैरे मानत नाही, विचारलं तर "मला वेळ नाही" म्हणतो. मला वाटलं नळ्यांजवळ पाणी नको म्हणतील. त्यांनी हात पुढे केला आणि अलार्मचा आवाज बंद केला. मग ते एक पाऊल मागे झाले.

लहान सिरिंजमध्ये उकळून निवलेलं पाणी घेतलं. थंड पाण्याने एवढंसं बाळ दचकून श्वास थांबवू शकतं, म्हणून सिरिंज मुठीत धरून कोमट केली. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातले. टोपी बोटभर मागे सारली. तिची टाळू उडत होती, फार भरभर, कागदाखाली एखादा किडा हलावा तशी. ड्रायव्हरबाई दारातून म्हणाली की पाणी वाहायला हवं, नुसतं ओलं करून चालत नाही, आणि त्याच वेळी शब्द. मी नाव विचारलं. तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

"पित्याच्या," म्हणाले आणि एक थेंब. "पुत्राच्या," दुसरा. "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते." पाणी टाळूवरून घरंगळत कानामागे उतरलं.

मला वाटलं होतं की आपण ढोंग करतोय असं वाटेल. किंवा काहीच वाटणार नाही. तसं झालं नाही. मला असं वाटलं की मी एका खोलीत पाऊल टाकलंय आणि तिथे माझ्या आधीच कोणीतरी आलेलं आहे. माझे हात पेटीत तसेच राहिले. काढवेनात. मावशी, ज्यांना प्रार्थनेत कोणी गप्प करू शकत नाही, त्या तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. श्वासाच्या यंत्राचा भाता वर खाली होत होता, तेवढाच आवाज. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढलेला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

मग त्यांनी चष्मा चढवला, अलार्म सुरू केला आणि दुसरी नळी घालायला घेतली. अकराला आकडा सत्तर, साडेअकराला ब्याऐंशी. दुसऱ्या नळीने साठलेली हवा निघाली, असं डॉक्टर म्हणाले आणि ते खरं आहे. पाण्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तू पण म्हणू नकोस. अशी पुष्कळ बाळं मी पाहिली आहेत ज्यांच्या कपाळावर पाणी पडलं होतं आणि जी राहिली नाहीत.

ती आज पाचव्या दिवशी आहे. सातशे वीस ग्रॅम. आधी वजन उतरतंच.

ताई


रविवार, १७ मार्च

प्रिय बारक्या,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चाललेले नाही. पण आज जे सांगायचंय त्यावर तुझा हक्क आहे, म्हणून लिहिते.

त्या रविवारी दुपारी साडेबाराला फादर धापा टाकत आले. मिस्साची प्रार्थना आटोपून फोन पाहिला आणि तसेच सायकलवर निघाले. वयस्कर, पँटच्या पायाला क्लिप लावलेली. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं, मी मानत नाही हेसुद्धा. म्हटलं, आता तुम्ही नीट करून घ्या. त्यांनी विचारलं पाणी वाहिलं का, शब्द कोणते म्हटले, आणि ते म्हणताना माझ्या मनात काय होतं. मी म्हटलं, "या बाईच्या लोकांमध्ये जे करतात ते करायचं, एवढंच मनात होतं."

ते म्हणाले, "मग झालं. बाप्तिस्मा झाला."

मी म्हटलं, "तुम्ही परत नाही घालणार?"

"पाणी दुसऱ्यांदा घालत नाहीत," ते म्हणाले. "देवाने एकदा केलं ते आम्ही पुन्हा करू म्हटलं तर पहिलं खोटं होतं म्हटल्यासारखं होईल."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. मी म्हटलं, पण मी तुमच्यातली नाही. ते म्हणाले, तुमच्या मंडळीतून कोणी आमच्याकडे आलं, तरी आम्ही त्याला पुन्हा पाणी लावत नाही. तुमच्याकडे झालेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच असतो.

बारक्या, तेव्हा मी तिथल्या बाकावर बसले.

तू लग्नाआधी त्यांच्या चर्चमध्ये गेलास तेव्हा आम्ही सगळे धरून चाललो की त्यांनी तुला पुन्हा पाणी घातलं. बाबांनी नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या हाताने तुला बाप्तिस्मा दिला होता, तू सतरा वर्षांचा होतास. बाबा मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांपैकी एक, आणि तू त्यांचा एकुलता एक मुलगा. आपण दिलेला बाप्तिस्मा त्या लोकांनी पुसून टाकला, असं बाबा म्हणायचे. तू काहीतरी सांगायला दोनदा घरी आलास. बाबांनी दार उघडलं नाही. मी आत होते. मीही उघडलं नाही.

काल बाबांकडे गेले. ते खिडकीपाशी बूट पॉलिश करत बसले होते, गुडघ्यांमुळे आता बाहेर जात नाहीत, तरी रोज करतात. मी आधी बाळाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही. म्हणाले, तू दयेने केलंस, तो बाप्तिस्मा नव्हे. पोरगी मोठी होऊन विश्वास ठेवेल तो खरा. मी म्हटलं, मीही तसंच मानते बाबा. मग फादर जे म्हणाले ते सांगितलं.

बाबांचा ब्रश थांबला.

"पुन्हा सांग," म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे बारक्याला त्यांनी..."

"नाही घातलं. तुम्ही दिलेला तोच आहे."

त्यांनी बूट खाली ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले. काळे झालेले, पॉलिशने. मग म्हणाले, "आपण त्यांचा मानत नाही. त्यांनी आपला मानला." असं म्हणताना त्यांच्या आवाजात हार नव्हती. सकाळी उठून दारात कोणीतरी ठेवून गेलेली मोठी वस्तू दिसावी आणि ती आत कशी घ्यायची हे कळू नये, तसं काहीतरी होतं.

आपल्या पाळकांनाही मी सांगितलं. ते म्हणाले, आपली शिकवण त्याने बदलत नाही, पण तुम्ही त्या आईशी खरं बोललात आणि मग तिचं ऐकलंत, त्यात मला दोष दिसत नाही.

तिचं वजन आठशे तीस.

ताई


रविवार, १९ मे

प्रिय बारक्या,

आज मी त्यांच्या चर्चमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा आत. तुझ्या लग्नाला मी रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर उभी होते, हे तुला माहीत नसेल.

मुलगी घरी गेली आहे, दोन किलो दोनशे. आज तिला चर्चमध्ये आणलं होतं, तेल लावायला आणि पांढरं कापड घालायला. राहिलेले विधी पुरे करतात. नवरा जहाजावरून आला होता, मोठ्या हातांचा लाजरा माणूस, त्याने माझा हात धरला तो सोडेचना. मावशीही आल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवू नयेत म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले. मोठे डॉक्टर शेवटच्या बाकावर, दाराजवळ, म्हणजे निघायला बरं.

पाण्याच्या दगडी भांड्याशी येऊन फादर थांबले. झाकण उघडलं नाही. लोकांना म्हणाले, या मुलीचा बाप्तिस्मा मार्च महिन्यात झाला आहे. ज्यांनी दिला त्या आपल्या चर्चच्या नाहीत आणि लहान बाळांच्या बाप्तिस्म्याबाबत त्यांचं मत आपल्याहून वेगळं आहे. ते मत बाजूला न सारता, ते स्पष्ट सांगून, त्यांनी या आईच्या श्रद्धेसाठी हात पुढे केले. त्यामुळे आज इथे पाणी लागणार नाही.

झाकलेल्या भांड्यावरून ते तसेच पुढे गेले. बारक्या, तिथे शंभर माणसं होती, आणि एवढ्या मोठ्या दगडी इमारतीत, त्या सगळ्या पुतळ्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या मधोमध, माझ्या सिरिंजमधल्या तीन थेंबांना जागा करून ठेवली होती. वर पाहिलं तर छत इतकं उंच की मान दुखली. मी तिथली नाही, होणारही नाही. पण मला तिथे कोणी परकं धरलं नाही.

बाहेर आल्यावर ड्रायव्हरबाई म्हणाली, "सिस्टर, तुम्ही त्या दिवशी मला खरं सांगितलंत म्हणून मी तिच्याजवळ पोचले. गोड बोलला असतात तर खोलीतच राहिले असते."

ती सहज बोलून गेली. मी घरी आले आणि हे लिहायला बसले. आता लपवून उपयोग नाही.

तुझा मुलगा जन्मला तेव्हा पाळीवर मी होते. तुझ्या बायकोने मला विचारलं, ताई, फादर येईपर्यंत राहील ना? नाहीतर तुम्ही पाणी घाला. मी म्हणाले, वेळ आहे, फादर येतीलच. तू खाली गेला होतास. फादर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

वेळ नव्हता, बारक्या. मला माहीत होतं. त्याची नाडी मी मोजली होती. मी खोटं बोलले, कारण खरं सांगितलं असतं तर ती मला पाणी घालायला सांगणार आणि मला नाही म्हणावं लागणार. मला नाहीही म्हणायचं नव्हतं आणि हो पण म्हणायचं नव्हतं. श्रद्धा राखायला म्हणून मी खोटं बोलले, आणि बारा वर्षं त्याला श्रद्धाच म्हणत आले. ड्रायव्हरबाईला जसं तोंडावर सांगितलं तसं मी तुझ्या बायकोला सांगू शकले असते. मग तिने स्वतः घातलं असतं. तिला तेवढीही जागा मी ठेवली नाही.

माफी मागते. तिची आधी, मग तुझी.

ताई


सोमवार, ३ जून

ताई,

चारही पत्रं पोचली. पहिली तीन मी भट्टीवर नेऊन मधल्या सुट्टीत वाचली. चौथं घरी, दोघांनी मिळून.

मी काच कारखान्यात आहे, आत्याने सांगितलं असेल. भट्टीसमोर बोलायची सवय जाते, म्हणून थोडक्यात लिहितो.

मी आपणहून खाली गेलो नव्हतो. तू पाठवलंस. तू म्हणालीस, वेळ आहे, जा तू गेटवर, फादरांना वॉर्ड सापडणार नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवून गेलो. फादरांना घेऊन जिना चढत होतो तेव्हा तो गेला. दुसऱ्या मजल्यावर. मी मग ते मोजून काढलं.

तुला वाटतं आम्ही पाण्यावरून रागावलो. तिने पाण्याचं फार पूर्वी सोडून दिलं. फादरांनी तिला तेव्हाच सांगितलं की तिने मागितलं होतं, देवाला तेवढं पुरे आहे, बाळ त्याच्याच हातात आहे. तुझ्या श्रद्धेवरही आमचा राग नव्हता. तू स्पष्ट नाही म्हणाली असतीस तर मी तुला पाया पडून नमस्कार केला असता आणि स्वतः पाणी घातलं असतं. मी त्याच्याजवळ नव्हतो, एवढंच आहे. बारा वर्षं एवढंच.

बाबांना सांग की लग्नाआधी मला फादरांनी विचारलं होतं, तुझा बाप्तिस्मा कोणी दिला. मी म्हणालो, माझ्या वडिलांनी, नदीत. त्यांनी ते रजिस्टरात तसंच लिहून घेतलं. तेच सांगायला मी दोनदा आलो होतो.

आता एक विचारतो. ती त्या शेवटच्या मिनिटांबद्दल बोलू शकत नाही. कधीच बोलली नाही, आणि मी विचारत नाही. त्या खोलीत तिसरं माणूस तूच होतीस. कसा गेला तो? काही न वगळता सांग. गोड करू नकोस.

बारक्या


रविवार, ९ जून

प्रिय बारक्या,

तुझं पत्र चार दिवस ऍप्रनच्या खिशात घेऊन फिरले. तुला मी पाठवलं हे मी विसरले होते. ऐकायला सोपं वाटेल, पण खरंच विसरले होते, आणि तू लिहिल्यावर माझाच आवाज मला जसाच्या तसा आठवला. यावर माफी मागायला शब्द नाहीत. मागितलेलं उत्तर देते.

बाबांना तुझी ओळ वाचून दाखवली. रजिस्टरात लिहिलं हे ऐकून त्यांनी विचारलं, "माझं नाव?" मी म्हटलं, हो. त्यांनी मला चष्मा मागितला आणि तुझं पत्र स्वतः वाचलं, मग घडी घालून खिशात ठेवलं. परत देईनात. मी जे लिहितेय ते आता तुझे शब्द आठवून.

तो असा गेला.

दुपारचे अडीच वाजले होते. खिडकीतून ऊन येत होतं आणि पेटीच्या काचेवर पडत होतं, म्हणून मी पडदा अर्धा ओढला. तू गेल्यावर मी पेटीचं दार पूर्ण उघडलं आणि तुझ्या बायकोला म्हटलं, हात आत घाल. तिने करंगळी पुढे केली. त्याने ती धरली. करंगळीचं पहिलं पेर आणि त्याची अख्खी मूठ, आणि तरी नखं तिच्या कातडीत रुतली होती इतकी पकड होती. लहान म्हणून सैल नव्हती. तो वेदनेत नव्हता. हे मी नर्स म्हणून सांगते, बहीण म्हणून नाही. त्याचं कपाळ गुळगुळीत होतं, आठी नव्हती. श्वास लांब लांब पडायला लागले, प्रत्येकाच्या मध्ये थांबून, जसं कोणी ऐकत असावं.

मी असंख्य बाळं पाहिली आहेत, जाणारी आणि राहणारी. एवढ्याशा अंगात एवढी शांती मी पुन्हा पाहिली नाही. तेव्हा मी ती पाहूनही पाहिली नाही, कारण मी दाराकडे कान लावून होते, फादर आधी येतात की तो आधी जातो.

तुझ्या बायकोने पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्यांदा मागितलं नाही. ती प्रार्थना म्हणायला लागली, त्यांची, मरिया मातेला हाक मारून करतात ती. दोनदा म्हटली. मग तिचा आवाज बसला, म्हणून मी माझी प्रार्थना केली, आपल्या पद्धतीने, सुचेल तशी, प्रभू याला जवळ घे म्हणून. ती हुंदके देत होती, तरी माझं संपल्यावर "आमेन" म्हणाली. स्पष्ट. मनापासून.

मग तिने तिची पुन्हा म्हटली, सावकाश, आणि शेवटाला आल्यावर माझ्याकडे पाहिलं. ती थांबली होती. मी काय म्हणायचं हे मला कळत होतं. मरियेला केलेल्या प्रार्थनेला मी आमेन म्हणू शकत नव्हते. मी खाली बघितलं. त्या थांबण्यात तो गेला. मूठ सगळ्यात शेवटी सुटली.

मग जिन्यावर तुझी पावलं वाजली.

एवढंच आहे, काही वगळलं नाही.

मी आजही मरियेची प्रार्थना करत नाही. करेन असंही वाटत नाही, आणि माझ्या भावजयीने ते मागितलंही नव्हतं. ती आपल्या बाळासाठी तिला येत असलेल्या शब्दांत मागत होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईने सोबत असावं एवढीच तिची अपेक्षा होती. माझ्या प्रार्थनेला तिने विचारलं नव्हतं की ही कोणत्या चर्चची.

हे पत्र तिला वाचून दाखव, ती ऐकत असेल तर. इथवर आलास की थांब, तिला तिची प्रार्थना पूर्ण म्हणू दे. मग माझ्या वतीने पुढची ओळ वाच. बारा वर्षं उशिरा येतेय.

आमेन.

तुझी ताई